मुलं आणि सासूबाईंना घेऊन विजापूर-बदामी-हंपी: सहा दिवसांत काय गाळू?

सांगलीची आई

भाऊबीज झाली की निघायचं आहे, आमच्याच गाडीनं. आम्ही दोघं, मुलगा पाचवीत, मुलगी पहिलीत आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्टच्या. गुडघे दुखतात, पण फिरायची हौस दांडगी. हातात सहा दिवस.

हा बेत मुळात मुलाचा. गेल्या वर्षी चौथीत महाराजांचा इतिहास झाला तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. प्रतापगड बघून परत येताना त्यानं गाडीत विचारलं, "आई, अफजलखान आला कुठून? ते गाव अजून आहे का?" म्हटलं, आहे की, आपल्यापासून चार तासांवर. त्याला खरंच वाटेना. तेव्हाच ठरलं, यंदा विजापूर. मग यांनी बदामी जोडली, मी हंपी जोडली, आणि आता यांच्या वहीत तेवीस ठिकाणांची यादी झाली आहे.

ती यादी बघूनच मला धडकी भरली. दोन वर्षांपूर्वी राजस्थानला गेलो होतो. सात दिवसांत जयपूर, जोधपूर, उदयपूर. तिसऱ्या दिवशी मेहरानगडाच्या चढावर लेकीनं बसकण मारली ती उठेचना. मुलानं शांतपणे विचारलं, "अजून किती राजवाडे राहिलेत?" पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही. ज्या पोराला किल्ल्यांचं इतकं वेड, त्यालाच आपण किल्ल्यांचा कंटाळा आणला, हे फार लागलं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.

जे मुलांना घेऊन जाऊन आलेत त्यांनी सांगा, काय ठेवू आणि काय गाळू?

जतकर

ताई, पहाटे उठून निघायची घाई करू नका. घरी जेवून दुपारी निघा, जतमार्गे संध्याकाळपर्यंत विजापूर. पहिला दिवस नुसता पोचायचा. आमचे सोयरे तिकडे आहेत, वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं. विजापुरात मराठी पुष्कळांना कळतं. बदामीपासून पुढे कन्नड, नाहीतर हिंदी. खिशात सुटे पैसे ठेवा. आणि मे महिन्याचा विचार केला नाहीत हे बरं केलंत.

दोन मुलींचा बाबा

आम्ही पुण्याहून तीन वर्षांपूर्वी हाच दौरा केला, माझी आईही बरोबर होती. तेव्हा मुली अकरा आणि सात वर्षांच्या होत्या. सविस्तर लिहितो, कारण आमचं एक चुकलं आणि ते तुमचं चुकू नये.

तेवीसमधली सात ठेवा. दिवसाला एकच मोठी जागा, तीही सकाळी, आणि तिथं मुलांना करण्यासारखं काहीतरी हवं. ऐकायचं, मोजायचं, शोधायचं. माहिती आपण रात्री वाचावी आणि त्यातली एकच गोष्ट सकाळी सांगावी.

गोलघुमट. दार उघडायच्या वेळेला तिकिटाच्या खिडकीशी उभे राहा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कोपऱ्यातल्या सातमजली मिनारातून जिना आहे, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. दर मजल्यावर खिडकीशी थांबत गेलो तर मुलं चढतात, सासूबाईंनी मात्र खालीच थांबावं. खालून जे दिसतं तेही थोडं नाही. एवढं मोठं दालन आणि मध्ये एक खांब नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. ज्याच्यासाठी हे बांधलं तो मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला आणि इथंच पुरला आहे. शहाजीराजे ज्याच्या दरबारी होते तोच हा, असं मुलाला सांगा, त्याला लगेच धागा सापडेल.

वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. आम्ही गेलो तेव्हा आम्ही चौघं आणि एक राखणदार, बास. धाकटीला घेऊन बायको समोरच्या बाजूला गेली. इतकी लांब की तिचा फ्रॉक कोणत्या रंगाचा आहे तेवढंच कळत होतं. मी भिंतीला कान लावला. आणि अगदी खांद्यावर बसून बोलावं तसं कानात आलं, "बाबा, मी इथंय." ती ओरडली नव्हती, कुजबुजली होती. मी तसंच कुजबुजून म्हटलं, "दिसतेस मला." समोर तिनं दोन्ही हात वर केले. मोठीनं मग टाळी वाजवली आणि बोटांवर प्रतिध्वनी मोजत बसली. पाऊण तास आम्ही तिथून हललो नाही. नऊच्या सुमारास शाळांच्या सहली येतात, दोनशे पोरं एकदम ओरडतात आणि मग कुणालाच काही ऐकू येत नाही. म्हणून सकाळचं एवढं सांगतोय.

मुलूखमैदान. संध्याकाळी चारनंतर. आपण एखाद्या वक्त्याला मुलूखमैदानी तोफ म्हणतो, ती तोफ प्रत्यक्ष समोर असते. शेरझा बुरुजावर. १५४९ मध्ये नगरला ओतलेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून विजापूरला आणली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय आणि त्याच्या दातांत हत्ती आहे. तो हत्ती कुठं आहे हे मुलांना सांगू नका, शोधू द्या. आमच्या धाकटीला तो आधी सापडला आणि दिवसभर तिचा रुबाब होता. जवळच उपली बुरूज आहे, बाहेरून जिना असलेला, त्यावरून सगळं शहर दिसतं. पळापळ करायला बारा कमान बरी, अर्धवट राहिलेल्या कमानी आणि मोकळं मैदान.

साठ कबरी, म्हणजे अफजलखानाच्या बायकांच्या म्हणतात त्या, आम्ही गाळल्या. तिथली कथा तुमच्या मुलाला कुणीतरी सांगेलच, पण सहा वर्षांच्या मुलीसमोर ती नको.

बदामी. तांबड्या कातळात खोदलेली चार लेणी. पहिल्यात नाचणारा शिव आहे, अठरा हातांचा. मुली एकीमागे एक उभ्या राहिल्या, मी मागे, बायको त्यामागे, आठ हात झाले. "अजून पाच माणसं पाहिजेत," मोठी म्हणाली. हे गणित तिला आजही आठवतं. तिसरं लेणं सगळ्यात मोठं, तिथल्या शिलालेखावरून ते ५७८ सालचं हे नक्की कळतं. माकडांचा उपद्रव फार. हातात पिशवी, खाऊ, पाण्याची बाटलीसुद्धा दिसू देऊ नका.

लेण्यांपेक्षाही बदामीचं तळं. अगस्त्य तीर्थ. संध्याकाळी आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. पलीकडच्या काठावर बायका धुणं धूत होत्या. धोपटणं वर गेलेलं दिसायचं, दगडावर पडलेलं दिसायचं, आणि मग क्षणभरानं धप् असा आवाज यायचा, पुन्हा मागच्या कड्यावरून दुसरा धप्. दिसणं आणि ऐकणं यात अंतर का, हे धाकटीनं विचारलं आणि मोठीनं समजावलं. मी गप्प बसलो. तिथंच इल्वल-वातापीची गोष्ट सांगा, कारण हे गावच वातापी. बोकड होऊन ब्राह्मणांच्या पोटात जाणारा आणि हाक मारली की पोट फाडून बाहेर येणारा वातापी, आणि पोटावर हात फिरवून "वातापि जीर्णो भव" म्हणणारे अगस्ती. आमच्याकडे पुढचे कित्येक महिने जेवण झालं की पोटावर हात फिरायचे.

पट्टदकल जाता जाता दीड तास. एका आवारात दोन्ही तऱ्हेची शिखरं आहेत, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची. कोणतं कुठलं, हे मुलं स्वतः ओळखतात. ऐहोळे गाळा. तोवर मुलांचं मंदिरांनी मन भरलेलं असतं.

हंपी. इथं आमचं चुकलं. होस्पेटला राहिलो होतो. पहिल्याच दिवशी हजार राम, राणीचा हौद, कमल महाल, हत्तीशाळा आणि वर विठ्ठल मंदिर, दुपारी दोनपर्यंत. नोव्हेंबर होता, तरी तिथले धोंडे अकरानंतर तापतात आणि खालून-वरून दोन्हीकडून भाजतं. संध्याकाळी धाकटीला ताप भरला, उलट्या झाल्या. पुढचा सबंध दिवस हॉटेलच्या खोलीत साखर-मिठाच्या पाण्याचे चमचे मोजण्यात गेला. तिला काही झालं असतं तर, हा विचार अजून येतो. तेव्हा अकरा ते चार सावलीत. जेवण, झोप, पत्ते. हट्टानं पाळा.

हंपीत दोनच सकाळी. एक विठ्ठल मंदिराची. गाड्या अलीकडेच थांबतात, पुढे बॅटरीची गाडी असते, त्यामुळे सासूबाईंनाही जमेल. दगडी रथ पाहताना मुलांच्या हातात पन्नासची नोट द्या, तो रथ तिच्यावरच आहे. दुसरी सकाळ राजवाड्याच्या भागात, आणि तिथं पुष्करणीला खरा वेळ द्या. काळ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची विहीर, उत्खननात सापडलेली. तिच्या दगडांवर खुणा कोरल्यात, कोणता दगड कुठं बसवायचा त्याच्या. मोठी म्हणाली, "म्हणजे हे आधी दुसरीकडे घडवलं आणि इथं आणून जुळवलं." एवढं तिला स्वतःला सुचलं, मला आणखी काही नको होतं.

सहाचे सात दिवस करता आले तर करा.

निवृत्त शिक्षक

बाबांचं बाकी सगळं पटलं, ऐहोळे गाळायचं पटलं नाही. तेहतीस वर्षं इतिहास शिकवला म्हणून सांगतो. तिथल्या टेकडीवर मेगुती नावाचं जैन मंदिर आहे, त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख आहे. संस्कृत भाषा, जुनी कन्नड लिपी. बदामीचा चालुक्य राजा पुलकेशी यानं हर्षवर्धनाला हरवलं ते त्यात आहे, आणि तोच पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असंही आहे. आपल्या प्रदेशाचं नाव जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं, आणि आपण अर्ध्या तासाच्या अंतरावरून निघून जायचं? मुलाला घेऊन वडिलांनी तरी चढावं. बाकीच्यांनी खाली दुर्ग मंदिराच्या ओवरीत बसावं, ते मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल आहे. ते देवी दुर्गेचं नाही, जवळच्या दुर्गावरून नाव पडलं.

आणखी एक. मुलगा विचारील, हंपी पाडली कुणी? त्याला खरं सांगा. १५६५ च्या लढाईत दख्खनचे सुलतान एकत्र आले, त्यांत विजापूरचा आदिलशहा होता आणि नगरचा निजामशहाही. विजयनगर, म्हणजे हंपीच, पडलं आणि विजापूर वाढलं. दोन्ही शहरं एकाच आठवड्यात बघणाऱ्या मुलाला हे पुस्तकापेक्षा नीट कळतं. त्याच वेळी हेही सांगा की विजयनगरच्या हत्तीशाळेवर ओळीनं घुमट आहेत आणि विजापूरच्या इब्राहिम रोज्यातल्या, म्हणजे इब्राहिम आदिलशहाच्या कबरीच्या इमारतीतल्या, नक्षीत कमळं आहेत. मुलं हे पचवतात, आपणच त्यांच्यासाठी ते सोपं करायला जातो.

पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, त्याप्रमाणे वार लावा.

सांगलीची आई

वाचून खूप धीर आला. यांनी आणखी एक दिवस रजा टाकली, सात झाले. ऐहोळेला बाप-लेक चढतील, मी लेकीला घेऊन खाली. यादीतल्या बाकीच्या ठिकाणांवर मी स्वतः काट मारली.

दोन गोष्टी राहिल्या. लेक बाहेरचं तिखट खात नाही, तिचं काय करू? आणि सासूबाईंना या सगळ्यात त्यांचं असं काही मिळेल का? त्या तोंडानं काही म्हणणार नाहीत, पण मला वाटतं.

दोन मुलींचा बाबा

जेवणाची काळजी नको. सगळीकडे ज्वारीची भाकरी मिळते, पातळ, आपल्यासारखीच. दही आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी मागून घ्या. बदामीपासून जवळच बनशंकरी आहे, देवळाबाहेर गावच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. भाकरी, दही, भाजी, सगळं घरून करून आणलेलं. आमच्या धाकटीनं त्या प्रवासात पोटभर असं तिथंच खाल्लं. एका आजींनी तिला जवळ घेऊन भाकरी दह्यात कुस्करून दिली, भाषा एकमेकींची कळत नव्हती. बनशंकरी आपल्याकडच्या पुष्कळ घरांची कुलदेवी. सासूबाईंच्या माहेरी किंवा सासरी असेल तर विचारा, ओटीचं सामान घरूनच घ्या.

परतीला होस्पेटहून विजापूरकडे येताना वाटेत इरकल लागतं. इरकली लुगडं जिथलं, ते. तासभर थांबा, त्यांना स्वतःला निवडू द्या.

आणि विजापूरहून सरळ सांगलीला न जाता मंगळवेढ्यावरून पंढरपूर करा. दिवस लांबेल, सबंध प्रवासातला सगळ्यात लांब, पण माझ्या आईसाठी आम्ही केलं आणि बरं केलं. हंपीच्या विठ्ठल मंदिरात गाभारा रिकामा आहे. आई त्या अंधारात हात जोडून उभी राहिली. धाकटीनं विचारलं, "आजी, विठोबा कुठंय?" आईनं तिला तिथंच उंबऱ्याशी बसवून भानुदासांची गोष्ट सांगितली. कृष्णदेवरायानं विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ती परत पंढरपूरला घेऊन आले, अशी आपल्याकडची परंपरा. आईला ती तिच्या आईनं सांगितलेली.

पंढरपूरला रात्री पोचलो, दर्शन पहाटे झालं. धाकटी पेंगत होती, मी कडेवर घेतली होती. पायांशी पोचल्यावर तिनं मान उचलून बघितलं आणि आईला म्हणाली, "आला की गं परत."

सांगलीची आई

सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. ओटीचं सामान काढायला उठल्यासुद्धा. बनशंकरी त्यांच्या माहेरची.