मदत हवी आहे : फौजी दाजी सुट्टीवर आलेत, परत जायच्या आत ताईने फारकतीवर सही करावी म्हणतात

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीचा आहे. सातारा जिल्ह्यातलं गाव, नाव लिहीत नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे कुणापाशी मन मोकळं केलं की गोष्ट आधी युनिटपर्यंत जाते आणि मग गावभर होते. म्हणून इथे विचारतोय.

ताईचं लग्न 2015 साली झालं. दाजी तेव्हा शिपाई होते, आता हवालदार आहेत. मध्ये दोन वर्षं पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठिकाणी, क्वार्टर मिळालं होतं तेव्हा ताई आणि भाचा त्यांच्यासोबत होते. त्या दिवसांचे फोटो ती अजून बघत बसते. पुढे युनिट फील्डला (सीमेकडच्या भागात, जिथे कुटुंब नेता येत नाही) गेली, ताई सासरी आली आणि तिथून बिनसत गेलं. चुका दोन्हीकडच्या आहेत, त्या इथे मांडत नाही. गेलं सव्वा वर्ष ती माहेरी आहे. भाचा तिसरीत आहे. 11 महिन्यांपासून दाजींकडून एक रुपया आलेला नाही. अण्णांची शेती आणि माझा चाकणचा पगार यावर सगळं चाललंय.

परवा दाजी आणि त्यांचे चुलते घरी आले. 500 च्या स्टॅम्पवर टाइप करून आणलं होतं : दोघे राजीखुशीने फारकत घेत आहोत, पत्नीला एकरकमी 2 लाख मिळाले, यापुढे पत्नीचा व मुलाचा कसलाही हक्क राहणार नाही. खाली ताईच्या नावापुढे पेन्सिलने फुली मारलेली, सही कुठे करायची ते कळावं म्हणून. नोटरीशी बोलणं झालंय म्हणाले. अण्णांनी विचारलं, कोर्टातून का नाही? तर चुलते म्हणाले, "फौजेच्या पगाराला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही. केस केलीत तर हा बॉर्डरवर आणि तुम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर. मिळतंय ते घ्या."

दाजी गप्प होते. भाच्याला मांडीवर घेऊन बसलेले. तो त्यांच्या घड्याळाशी खेळत होता, मध्येच म्हणाला, "पप्पा, या वेळेला किती दिवस?" ते म्हणाले, "चौदा." ताई आत निघून गेली.

28 तारखेला त्यांची सुट्टी संपते. ताईचा जीव आता संसारात नाही, वेगळं व्हायला तिची ना नाही. पण भाच्याच्या हक्कावर पाणी सोडायचं मला पटत नाही. पगाराला कोर्ट हात लावू शकत नाही हे खरं आहे का? असा स्टॅम्प चालतो का? फौजेकडे दाद मागितली तर दाजींच्या नोकरीवर गदा येईल का? तेही आम्हाला नको आहे. आणि घटस्फोट झाल्यावर ताईचं डिपेंडंट कार्ड (फौजेने दिलेलं कुटुंबाचं ओळखपत्र), पुढची पेन्शन, यातलं काय राहतं? तिच्या स्त्रीधनाची भांडी आणि साड्या सासरी दाजींच्या काळ्या ट्रंकेत आहेत, वर पांढऱ्या रंगाने त्यांचा नंबर आणि नाव लिहिलेली ट्रंक. ती मागावी कशी, तेही कळत नाही.

कृपया माहिती असलेल्यांनीच लिहा.

प्रतिसाद : निवृत्त_सुभेदार

बाळा, आधी ताईला सांग, घाबरू नकोस. मी 28 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच कंपनीच्या ऑफिसात. असे अर्ज माझ्या हातून गेलेत.

चुलत्यांनी अर्धंच सांगितलं. कोर्ट पगार जप्त करू शकत नाही, पण फौज स्वतः कापू शकते. आर्मी ॲक्ट 1950 मध्ये त्यासाठीच कलम आहे, अधिकाऱ्यांना 90 आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) व जवानांना 91. नवरा बायको-पोरांना पोसत नसेल तर त्याच्या पगारातून कापून पैसे थेट बायकोच्या खात्यात जमा होतात. बायकोला 22 टक्के, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, सगळं मिळून 33 टक्क्यांच्या वर नाही. कोर्टाचा हुकूम आधी हवा असंही नाही.

ताईने स्वतःच्या सहीने युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला (सीओ) अर्ज लिहायचा. दाजींचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट. नंबर तिच्या डिपेंडंट कार्डावर मिळेल. सोबत लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, पासबुकाची झेरॉक्स. एक प्रत त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कार्यालयाला, पाठवायची. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. पत्ता कळत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते अर्ज पुढे पाठवायला मदत करतात.

अर्जात शिव्याशाप नकोत. कधीपासून वेगळे राहतो, कधीपासून पैसे बंद, मुलाची शाळा कुठली, महिन्याला खर्च किती, एवढंच लिहा. मी दहा-दहा पानी अर्ज पाहिलेत. त्यातलं कामाचं शोधता शोधता क्लार्क थकायचा आणि अर्ज बाजूला पडायचा.

मग युनिट जवानाला कारणे दाखवा नोटीस देते, त्याचं म्हणणं घेते, सीओ शिफारस करतो आणि मंजुरी वरच्या मुख्यालयातून येते. म्हणून महिने लागतात. नोकरीवर गदा म्हणशील तर पोटगी कापली म्हणून कुणाची नोकरी जात नाही. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर मात्र फौज सोडत नाही.

आणि सीओ घटस्फोट देत नाही, तो कोर्टातच होतो. कोर्टाचा हुकूम आला की पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल जाहीर करणारा युनिटचा आदेश) निघते आणि बायकोचं नाव कागदांवरून उतरतं. मुलाचं उतरत नाही. तो त्यांचाच मुलगा राहतो.

प्रतिसाद : ॲड_कराडकर

सुभेदारसाहेबांनी फौजेकडची बाजू नेमकी सांगितली. मी कोर्टाची सांगते. त्या स्टॅम्पवर सही करू नका. हिंदू विवाह कायदा 1955 लागू असलेल्यांचा घटस्फोट नोटरीसमोर होत नाही. ज्या समाजात फारकतीची रूढी आहे आणि ती कोर्टात सिद्ध करता येते, तेवढाच अपवाद. तुम्ही सही केलीत तर कायद्याने ताई पत्नीच राहील, पण हातात "सगळं मिळालं" असं लिहिलेला कागद घेऊन समोरची बाजू पुढे प्रत्येक तारखेला उभी राहील. आणि मुलाच्या पोटगीवर आईला पाणी सोडता येत नाही. तो हक्क मुलाचा आहे, आईचा नाही.

पगाराबद्दल : आर्मी ॲक्टच्या कलम 28 प्रमाणे दिवाणी किंवा महसुली कोर्टाच्या हुकुमाने सैनिकाचा पगार जप्त होत नाही. पण पोटगी ठरवायला कोर्टाला कुणी अडवत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं पोटगीचं कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, सैनिकालाही लागू आहे. खटला चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र भरायचं. कोर्टाचा पोटगीचा हुकूम युनिटकडे नेला की तुमचा कलम 91 चा अर्ज बळकट होतो. मात्र अर्जाच्या तारखेपासून म्हणजे कोर्टात तुमचा अर्ज जितका उशिरा जाईल तितकं नुकसान. 11 महिने गेलेच आहेत.

दाजी बॉर्डरवर म्हणून केस लोंबकळणार, हेही अर्धवट आहे. फील्डला असलेल्या जवानाला सोयीची तारीख मिळावी म्हणून 1925 चा भारतीय सैनिक खटला कायदा आहे आणि तो असायलाच हवा, तिथे पहाऱ्यावर असलेल्या माणसाचा निकाल इथे त्याच्या पाठीमागे लागू नये. पण आर्मी ॲक्टच्या कलम 32 मध्ये दुसरी सोयही आहे : खटल्यासाठी सुट्टी घेतल्याचा फौजेचा दाखला जवानाने कोर्टात दिला आणि तशी विनंती केली, तर शक्य तितकं त्या सुट्टीतच प्रकरण निकाली काढायचं. दाजींना खरंच लवकर मोकळं व्हायचं असेल तर रस्ता हा आहे.

दोघांची तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 13ब, परस्पर संमतीने घटस्फोट. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात, ते तुमचं झालंय. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून सगळी तडजोड खरोखर पुरी झाली असेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. दुसऱ्या वेळेला कोर्टासमोर जाईपर्यंत संमती मागेही घेता येते. रक्कम मुलाच्या नावे मुदतठेवीत टाका, महिन्याची पोटगी वेगळी लिहून घ्या.

घटस्फोटानंतर ताईला एमएचमध्ये (लष्करी रुग्णालयात) उपचार, दाजी निवृत्त झाल्यावर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि पुढे फॅमिली पेन्शन मिळणार नाही. म्हणून 2 लाखांकडे बघताना त्यातून जे कायमचं जातंय तेही मोजा. महिलेला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन 15100. सैनिक कुटुंबांसाठी 2025 मध्ये वीर परिवार सहायता ही कायदेशीर मदतीची योजनाही सुरू झाली आहे.

प्रतिसाद : लान्सनायक

मी नोकरीत आहे आणि माझा घटस्फोट झालाय. पैशांचं वर आलंच, मी भाच्याचं लिहितो. आमच्या तडजोडीत पहिल्यांदा "दर दुसऱ्या रविवारी भेट" लिहिलं होतं. मी तिकडे अरुणाचलात तवांगला, मुलगी सांगलीत. कुठला रविवार आणि कुठली भेट. दीड वर्ष मी तिला पाहिलं नाही. नंतर दुरुस्ती करून लिहून घेतलं : 60 दिवसांची वार्षिक सुट्टी तुकड्यांनी मिळते, त्यातल्या प्रत्येक तुकड्यात मुलगी इतके दिवस माझ्याकडे, सुट्टी मंजूर झाली की मी आठ दिवस आधी कळवायचं, एरवी रोज संध्याकाळी नेटवर्क असेल तेव्हा व्हिडिओ कॉल. आता ती माझ्या सुट्टीची वाट बघते.

तुमच्या दाजींशी चुलते नसताना बोला. मांडीवर पोरगं घेऊन गप्प बसलेला माणूस मला ओळखीचा वाटला.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईला तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. तिने सुभेदारकाकांचा दोनदा वाचायला लावला. अर्ज तिने स्वतः लिहिला, एक पान. आज सकाळी स्पीड पोस्टाने दोन्ही प्रती गेल्या. स्टॅम्पवर सही केलेली नाही.

दुपारी दाजींना एकट्यांना एसटी स्टँडवर भेटलो. 13ब आणि सुट्टीच्या दाखल्याचं सांगितलं. अर्ज पाठवल्याचंही लपवलं नाही. बराच वेळ चहाचा कप हातात धरून बसले, मग म्हणाले, "पोराचे पैसे कापून जाऊ देत. माझ्या हातून राहून गेलं." वकिलांकडे सोमवारी येतो म्हणालेत. येतील का माहीत नाही, पण मी जागा धरून ठेवणार आहे.

ट्रंकेबद्दल विचारलं तर म्हणाले, कुलपाची किल्ली आईकडे आहे, रविवारी ये. एकट्याने जाऊ, की पोलीस पाटलांना सोबत घेऊ?

प्रतिसाद : ॲड_कराडकर

ताईला सोबत न्या, वस्तू तिलाच ओळखता येतील. घरातूनच यादी लिहून न्या, दोन प्रती. जे मिळेल त्यावर खूण करून दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत तिथे ठेवा. जे मिळणार नाही तेही यादीत तसंच राहू द्या, खोडू नका. पाटलांना साक्षीदार म्हणून न्यायला हरकत नाही, पण आधी दाजींना फोन करून सांगा.