मदत हवी आहे: फाइलच्या नावातून ‘../’ काढूनही छिद्र उरतंय

नोड.जेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) डाउनलोड सेवा आहे. वापरकर्त्याने दिलेलं नाव ‘/डेटा/फाइल्स’ला जोडून फाइल पाठवतो. कोणी फोल्डरबाहेर जाऊ नये म्हणून जोडण्याआधी नावातला ‘../’ (म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’) रिप्लेसने काढतो. तरी सुरक्षा तपासणीत पाथ ट्रॅव्हर्सलचा (ठरलेल्या फोल्डरबाहेर पोचता येण्याचा) शेरा आलाय: नावाआधी ‘../../’ लावलं की वरच्या फोल्डरमधली फाइल मिळते. रिप्लेसऑल वापरलं तर भागेल का?

प्रतिसाद १
नाही भागणार. रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिली की तो पहिलाच तुकडा बदलतो, दुसरा ‘../’ शाबूत राहतो. रिप्लेसऑल सगळे काढतो, पण एकाच फेरीत. काढल्यावर जे जुळून येतं ते पुन्हा बघत नाही. ‘....//’ देऊन पाहा. तिसरं-चौथं टिंब आणि पहिला स्लॅश मिळून ‘../’ होतो, तो जातो. मागे उरतात दोन टिंबं आणि एक स्लॅश, म्हणजे पुन्हा ‘../’! सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या कमकुवत जागांच्या यादीत तुमची आत्ताची चूक ७९३ क्रमांकावर आहे, रिप्लेसऑलची १८२ वर.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)
मग एकही ‘../’ उरेपर्यंत लूप चालवला तर?

प्रतिसाद ३
‘....//’ अडेल, पण विंडोजवर ‘..\’ तसाच निसटेल. शिवाय फिल्टरनंतर कोडमध्ये कुठे यूआरएल डीकोड होत असेल, तर टक्केचिन्हांच्या रूपात आलेली टिंबं फिल्टरला दिसणारच नाहीत. घातक अक्षरांच्या मागे धावू नका, शेवटी कोणती फाइल उघडणार आहे ते तपासा.

जमत असेल तर नाव घेऊच नका. आयडी घ्या, खरा पाथ डेटाबेसमधून काढा, प्रश्नच मिटतो. नाव घ्यावंच लागत असेल तर आधी डीकोडिंग पूर्ण करा, मग पाथ.रिझॉल्व्ह (फोल्डर आणि नावातून पूर्ण पाथ काढतो) आणि त्यावर रिअलपाथ चालवा, म्हणजे सिमलिंकही (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणारे दुवे) उलगडतील. मूळ फोल्डरही रिअलपाथमधून काढा. आलेला पाथ त्या फोल्डरने सुरू होत नसेल तर विनंती सरळ नाकारा, नाव दुरुस्त करू नका. फाइल उघडताना तपासलेलाच पाथ द्या, मूळ नाव पुन्हा जोडू नका.

इथे हमखास राहणारी गोष्ट: तुलना शेवटच्या स्लॅशसकट, ‘/डेटा/फाइल्स/’शी करा. स्लॅश नसला तर ‘/डेटा/फाइल्स-जुन्या’ हे शेजारचं फोल्डरही तपासणीतून पास होतं.

प्रतिसाद ४
वरच्याला जोड: रिझॉल्व्हला ‘/’ने सुरू होणारं नाव मिळालं की तो आधीचं फोल्डर सोडूनच देतो. म्हणून चाचण्यांत ‘../../’, ‘....//’, ‘..\’ आणि दोनदा एन्कोड केलेल्या रूपासोबत तसं एक नावही ठेवा.