अनुभव धागा : कॅनडाचे सैनिक आणि खंदकांतली लढाई

गेल्या महिन्यात फ्रान्समध्ये व्हिमीला, पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीवर, जाऊन आलो. टोरांटोत पंधरा वर्षं काढली, दर ११ नोव्हेंबरला, युद्धस्मृतिदिनी, कोटावर लाल पॉपीचं फूल लावतो. पण ती कशाची आठवण आहे, हे त्या खंदकात उतरल्यावर अंगावर आलं.

काही ठिकाणी कॅनेडियन आणि जर्मन खंदकांच्या मध्ये फक्त सुरुंगाचं एक मोठं विवर आहे. ए विंगमधून बी विंगला हाक मारावी, एवढंच अंतर! समोरच्याचा खोकलाही ऐकू येत असणार. बाजूच्या रानात आजही न फुटलेले तोफगोळे आहेत. माणसाला तिथे बंदी, म्हणून गवत मेंढ्या चरतात. ९ एप्रिल १९१७ च्या पहाटे कॅनेडियनांनी हल्ला केला. त्याआधीची रात्र कित्येकांनी जमिनीखालच्या भुयारांत उभ्याउभ्या काढली, आणि बाहेर आले तर बर्फमिश्रित पाऊस. चार दिवसांत ३,५९८ कॅनेडियन मेले. व्हिमीची टेकडी मात्र घेतली.

तुम्ही अशा जागा पाहिल्या असतील, जुनी कागदपत्रं हाताळली असतील, तर लिहा. पुस्तकी नको, स्वतःचं लिहा.

*

छान धागा. मी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला शिकायला होते. पहिल्याच १ जुलैला सकाळी घरमालकीणबाईंना उत्साहानं ‘हॅपी कॅनडा डे’ म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “ते दुपारनंतर.”

१ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या बोमाँ-हॅमेलला न्यूफाउंडलंडची रेजिमेंट खंदकातून वर चढली. जवळपास ८०० जण. आपल्याच काटेरी तारांमधल्या ठरावीक फटींतून त्यांना पुढे जायचं होतं, आणि जर्मन मशीनगनना त्या फटी आयत्या सापडल्या. अर्ध्या तासात खेळ खल्लास. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ जण. म्हणून तिथे त्या सकाळी झेंडे अर्ध्यावर असतात, आणि लोक पॉपीऐवजी छोटी निळी फुलं लावतात.

(न्यूफाउंडलंड कॅनडात आलं १९४९ ला, त्यामुळे हे ‘कॅनेडियन सैनिक’ म्हणायचे का, यावर त्या बाईंशी वाद घालू नये. मी घातला होता.)

*

ब्रसेल्सला नोकरीला होतो तेव्हा बेल्जियममधल्याच ईप्र या गावाच्या खूप फेऱ्या केल्या. सेंट ज्युलियनजवळ मान खाली घातलेल्या सैनिकाचा दगडी पुतळा आहे. आजूबाजूला शेतं, गाड्या भुर्रकन जातात. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला, शेजारची फ्रेंच फळी कोसळली आणि ते खिंडार बुजवायला कॅनेडियन धावले. २४ ला वायू थेट त्यांच्यावरच आला. मास्क नव्हते. रुमाल पाण्यात, नाहीतर लघवीत भिजवून नाकावर धरायचे. हातातली रॉस रायफल ऐन गोळीबारात अडकायची, ते वेगळंच.

आणखी एक, जे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं : २६ तारखेला त्याच टापूत आपली लाहोर डिव्हिजन हल्ल्याला उतरली होती. मेनिन गेट या ईप्रमधल्या स्मारकाच्या भिंतींवर कॅनेडियन बेपत्तांसोबत हिंदुस्थानी नावंही आहेत. रोज रात्री आठला तिथे बिगुल वाजतो. मी निदान सहा वेळा ऐकला असेन.

*

कोणी किचनर, ऑन्टारियोजवळ राहत असेल तर माउंट होप दफनभूमीत बुकम सिंग यांची कबर जरूर पाहा. कॅनडाच्या सैन्यातून फ्लँडर्समध्ये लढलेला शीख जवान. दोनदा जखमी झाला, १९१९ मध्ये क्षयानं गेला.

*

आमचा अनुभव घरबसल्याच. मुलीला शाळेत प्रकल्प होता : गावातल्या स्मारकावरचं एक नाव निवडा आणि तो माणूस शोधा. पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन सैनिकांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारानं स्कॅन करून फुकट ठेवल्यात. अर्ध्या तासात फाइल उघडली.

धंदा : शेतकरी. वय १९. पगार रोज एक डॉलर, वर दहा सेंट भत्ता. त्यातले महिन्याला वीस डॉलर आईला. मग दवाखान्याच्या नोंदी : चिखलात दिवसचे दिवस पाय भिजून सुजले, बरे झाले, परत फळीवर. आणि ईप्रजवळची पॅशेंडेलची लढाई. नोव्हेंबर १९१७. पुढे फक्त ‘बेपत्ता’. तो चिखल असा होता की फळ्यांच्या वाटेवरून पाय घसरला तर जखमी माणूस बुडून मरायचा.

मुलगी पगाराच्या पानापाशीच अडकली. “बाबा, मेल्यावर आईचे वीस डॉलर बंद झाले का?” मला उत्तर देता आलं नाही.

त्याचं नाव मेनिन गेटवर आहे, असं कागदात आहे. आम्ही अजून गेलो नाही.

*

मी एप्रिलमध्ये पुन्हा ईप्रला जातोय. त्याचं नाव आणि बटालियन व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटो काढून पाठवतो.