बाबांना घरी आणायचंय: दिवसाची बाई, २४ तासांचा अटेंडंट की नर्स? (डिचोली)

डिचोलीची_लेक
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ७८ वर्षांचे, न्हाणीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदललाय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन छान झालंय, आठवड्याअखेर घरी न्या. घर डिचोलीत, जुनं, उंच उंबरे, न्हाणी-संडास मागच्या दाराला. आई ७३ ची, तिला शुगर आणि गुडघे. मी पर्वरीला नोकरी करते, संध्याकाळी जाऊ शकते, दिवसा नाही. भाऊ पुण्यात.

खरी काळजी वेगळीच आहे. ऑपरेशन झाल्यापासून बाबा रात्री बरळतात, सलाईन ओढून काढलं, आईला आपली बहीण समजून हाका मारतात. आधी थोडं विसरायचे पण पेपर, बँकेचा हिशोब सगळं स्वतः बघायचे हो. लघवीची नळी अजून आहे. एका एजन्सीला फोन केला तर त्यांनी बाबांना न बघताच सांगितलं की २४ तास नर्सच लागेल, आणि आकडा ऐकून मी गप्पच झाले. भाऊ म्हणतो सरळ एखाद्या केअर सेंटरमधे ठेवूया, आई म्हणते माझ्या नवऱ्याचं मी करीन, परकं माणूस घरात नको. नक्की किती मदत लागते हे ठरवायचं कसं?

निवृत्त_सिस्टर
ताई, एजन्सीचा फोन आणि आजाराचं नाव दोन्ही थोडं बाजूला ठेवा आणि घरी आणायच्या आधी एक दिवस आणि एक पूर्ण रात्र वॉर्डात बाबांजवळ बसून नुसतं बघा. आम्ही सहा गोष्टी बघायचो, काट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ साली मांडलेल्या: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि हाताने जेवणं. प्रत्येकात बाबा स्वतः किती करतात, कुठे नुसता हात धरला की पुरतं आणि कुठे सगळं दुसऱ्यानेच करावं लागतं हे वहीत लिहा. ती वही दाखवली की कोणी तुम्हाला नको ती सेवा गळ्यात मारणार नाही.

नर्स कधी लागते? रोजचं इंजेक्शन, नाकातून घातलेल्या नळीने जेवण, जखमेचं ड्रेसिंग, घशातला कफ मशिनने ओढणं, असली कामं असतील तर. अंघोळ, कपडे, कूस बदलणं, वॉकर धरून चालवणं ही शिकलेल्या अटेंडंटची कामं, त्याला नर्सचे पैसे मोजायची गरज नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला चांगला अटेंडंट पुरेल असं वाटतं, आणि ड्रेसिंग किंवा टाके काढण्यापुरती सिस्टर येऊन जाईल. पण दोन गोष्टी वॉर्डातच विचारून घ्या. रक्त पातळ करायचं औषध गोळी आहे की इंजेक्शन? आणि नळी शक्य असेल तर तिथेच काढायला सांगा, काढल्यावर लघवी आपणहून होते हे बघूनच निघा. घरी आल्यावर रात्री लघवी अडली तर फार हाल होतात.

हाडांचा_फिजिओ
सिस्टरनी सांगितलंय ते अगदी बरोबर. मी फक्त बरळण्याबद्दल सांगतो कारण तिथेच घरचे लोक घाबरून चुकीचा निर्णय घेतात. या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर असा गोंधळ खूप जणांना होतो, त्याला डिलिरियम म्हणतात आणि बऱ्याच जणांत तो काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत उतरतो. म्हणून या रात्री बघून बाबांना कायमचं कुठे ठेवायचं ते ठरवू नका प्लीज. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, दुखणं, एखादी झोपेची गोळी, यातलं काही त्याला कारण आहे का ते डॉक्टरना स्पष्ट विचारा. बाबांचा चष्मा आणि कानाचं मशिन वापरत असतील तर ते आजच वॉर्डात नेऊन द्या, दिसलं ऐकू आलं नाही की माणूस आणखी भरकटतो.

घराचं बघा. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत, म्हणजे पाटावर बसून जेवणं, खालची आरामखुर्ची, देशी संडास सगळं बंद. पायावर पाय टाकायचा नाही. खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवली तर रात्री उंबरे ओलांडून मागे जावंच लागणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या घरात अर्धी मदत त्या एका खुर्चीने कमी होईल. पोटरी सुजली, धाप लागली किंवा बाबा उठवूनही नीट जागे होत नाहीत असं झालं तर वाट न बघता १०८.

फोंड्याची_सून
तुमच्या आईंचं वाचून राहवलं नाही. सासूबाईंचं आम्ही घरीच केलं, लकव्यानंतर. पहिली बाई कामाला इतकी चटपटीत की आम्ही खूश, पेज चमच्याने भरवून वीस मिनिटांत भांडी घासून मोकळी. पण सासूबाईंचा डावा हात चांगला होता आणि हळूहळू तो हात ताटाकडे जायचाच बंद झाला. मग दुसरी बाई आली ती शेजारच्या गावातली, तिने ताट समोर ठेवलं, चमच्याच्या दांडीला कापड गुंडाळून जाड केलं आणि शेजारी नुसती बसून राहिली. अर्धी पेज अंगावर सांडली, मला बघवेना, मी उठले तर तिने मला हाताने थांबवलं. पुढच्या चवथीला सासूबाईंनी नेवरी स्वतःच्या हाताने खाल्ली. तेव्हा जास्त मदत म्हणजे चांगली मदत असं नाही ताई, जे बाबांना जमतंय ते त्यांच्याकडून काढून घेणारा माणूस नको.

दुसरं, भाषा. बाहेरून आलेली मुलं कामाला चांगली असतात पण गोंधळलेल्या माणसाला रात्री तीन वाजता अनोळखी चेहरा हिंदीत समजवायला लागला की तो आणखी बिथरतो. जमलं तर कोकणी-मराठी बोलणारंच माणूस बघा, आणि बाबांसाठी पुरुष अटेंडंट, अंघोळीच्या वेळी त्यांनाही अवघडायला होणार नाही.

डिचोलीची_लेक
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचताना डोळे भरून आले. काल रात्री बसले बाबांजवळ. जेवतात हाताने, फक्त खूप हळू. उठायला एकाचा आधार लागतो. संध्याकाळी पाच-सहापर्यंत व्यवस्थित, माझ्या ऑफिसचं विचारतात, आणि दहानंतर मात्र सारखे उठायला बघतात. म्हणजे दिवसापेक्षा रात्रच अवघड आहे आणि मी मात्र दिवसाचीच बाई शोधत होते. औषध गोळीच आहे, नळी उद्या काढतायत. पण आईला कसं पटवू? आणि २४ तासांचा माणूस घेतला तर रात्र पण तोच बघेल ना?

निवृत्त_सिस्टर
नाही, तिथे नीट विचार करा. २४ तासांचा माणूस म्हणजे तो घरात राहणार, पण झोपणार पण ना, माणूसच आहे तो. रात्रीत पाच वेळा उठावं लागलं तर तो चार दिवसांत आजारी पडेल किंवा सोडून जाईल. त्यापेक्षा रात्री १२ तासांचा जागणारा अटेंडंट, आणि सकाळी अंघोळीला, चालवायला दोन-तीन तास कोणीतरी. दुपारी बाबा खाटेवर आणि आई जवळ, पण त्या वेळात हाकेला येईल असं शेजारचं कोणीतरी ठरवून ठेवा, आणि आईने एकटीने बाबांना उचलायचं नाही ही अट. तिला सांगा नवऱ्याचं तूच करणार आहेस, जेवण तू देणार, गोळ्या तू देणार, हा माणूस फक्त उचलायला आणि रात्री जागायला आहे. उद्या तिची शुगर खाली जाऊन ती पडली तर दोघांना कोण बघणार?

साखळीकर
व्यवहाराचं मी सांगतो. एजन्सीकडून लेखी घ्या की माणूस सुट्टीवर गेला तर बदली किती तासांत देणार, चवथ आणि शिगम्यात हमखास अडतं. ओळखपत्राची कॉपी, पोलीस व्हेरिफिकेशन, जेवण कोणाचं, सगळं आधीच. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड हॉस्पिटलातल्या उपचारांना, घरच्या अटेंडंटच्या पगाराला नाही, तो खर्च खिशातूनच धरा आणि भावाशी आत्ताच वाटून घ्या, नंतर कटकट होते. खाट, वॉकर, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, लगेच विकत घेऊ नका. आणि एका महिन्यापेक्षा जास्त ॲडव्हान्स देऊ नका, बाबा सुधारले तर रात्रीचा माणूस कमी करता आला पाहिजे.

डिचोलीची_लेक
भावाशी बोलले, रात्रीच्या माणसाचे पैसे तो देतो म्हणाला. केअर सेंटरचा विषय फॉलोअपला परत डॉक्टरना दाखवेपर्यंत बंद. डिचोली-मये भागात कोकणी बोलणारा पुरुष अटेंडंट कोणाच्या माहितीत असेल तर मेसेज करा, शनिवारपासून रात्री ८ ते सकाळी ८.