एनके पेशींचं, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या 'नॅचरल किलर' पांढऱ्या पेशींचं काय?
"प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना चकवलं की ल्युकेमियाला (रक्ताच्या कॅन्सरला) रान मोकळं" असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. त्यांच्या नजरेतून सुटायला कॅन्सरची पेशी अंगावरचे एचएलए रेणू (पेशीची ओळख सांगणाऱ्या खुणा) कमी करते, पण नेमकं तेच एनके पेशींना खटकतं. हे रेणू म्हणजे त्यांचा ब्रेक. तो सुटला आणि पेशीवर ताणाच्या खुणाही दिसल्या, की परफोरिन या प्रथिनाने भोकं पाडून ग्रॅन्झाइम ही मारक विकरं आत सोडायची, काम तमाम.

इथे इटलीतल्या पेरुजा शहराचं नाव काढायलाच हवं. तिथल्या संशोधकांच्या गटाने २००२ मध्ये अर्धवट जुळणाऱ्या दात्यांकडून केलेल्या रक्तमूळपेशींच्या प्रत्यारोपणांवर लिहिलं होतं: दात्याच्या एनके पेशींना रोखणारा एचएलए रुग्णाकडे नसेल, तर एएमएल (ल्युकेमियाचा एक प्रकार) उलटण्याचं प्रमाण बरंच घटतं. न जुळणंच पथ्यावर पडलं म्हणायचं! मोठ्यांच्या एएलएल या दुसऱ्या प्रकारात मात्र हा फायदा दिसला नाही.