सरकारी हॉटेलं विकली, बरं झालं म्हणणाऱ्यांना

खारा_वारा : कालच्या एका पोस्टमध्ये वाचलं : 'आयटीडीसीची उरलीसुरली हॉटेलंही फुंका, शौरींसारखं धाडस आता कुणात नाही.' (आयटीडीसी म्हणजे केंद्र सरकारचं पर्यटन महामंडळ; शौरी म्हणजे वाजपेयी सरकारातले निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी, सरकारी हॉटेलं विकणारे.) डोकंच फिरलं. धाडस? मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर ८३ कोटींना दिलं, घेणाऱ्याने काही महिन्यांत सहाराला ११५ कोटींना टेकवलं. मधले ३२ कोटी काय पडदे बदलून कमावले? आणि उदयपूरचं लक्ष्मी विलास पॅलेस, फतेहसागरच्या काठावरचं, ७.५२ कोटींना! पुढे सीबीआय कोर्टात त्याचाच आकडा २५२ कोटी निघाला.

हिशेबनीस : सेंटॉर आयटीडीसीचं नव्हतंच. ते हॉटेल कॉर्पोरेशनचं, म्हणजे एअर इंडियाचं पिल्लू. २५२ कोटी सांगितलेत, मग सीबीआयने आधी क्लोजर रिपोर्ट (तपास बंद करा, असा अहवाल) दिला होता आणि सीबीआय कोर्टाच्या २०२० च्या गुन्हा नोंदवण्याच्या आदेशाला हायकोर्टाने स्थगिती दिली, हे का गिळलंत? तुम्ही भाव जमिनीचा सांगता. घेणाऱ्याच्या गळ्यात तोटा आणि कामगारही पडतात.

खारा_वारा : बरं, पिल्लू तर पिल्लू. आई सरकारचीच होती ना!

गरम_पाणी_सकाळी_६_ते_७ : लग्नानंतर आम्ही एका सरकारी हॉटेलात उतरलो होतो (नाव सांगत नाही, मॅनेजर अजून हयात असेल). समोर तळं, वर चांदणं, सगळं झकास. साडेनऊला जेवायला गेलो तर 'किचन बंद'. खुर्च्या उलट्या करून टेबलावर. बायको आजही सुनावते. विका हो, उद्याच विका.

मीनल_के : त्यात टॉवेलसाठी सही!

गरम_पाणी_सकाळी_६_ते_७ : सही? आमच्याकडून डिपॉझिट घेतलं होतं. आणि टॉवेल कसला, पोछाच.

चटणी_वेगळी : खाजगीत काय दिवे लागलेत? गेल्या वर्षी एका चकचकीत ठिकाणी पाण्याची बाटली खोलीत ठेवलेली, फुकट वाटली, बिलात निघाली. सरकारी माणूस उठत नव्हता, पण खिसाही कापत नव्हता.

मीनल_के : उठत नव्हता हीच तर तक्रार आहे, काका!

खारा_वारा : टॉवेलवरून खाली उतरा जरा. दिल्लीचं अशोक १९५६ साली युनेस्कोच्या परिषदेसाठी उभं केलं, तेव्हा कुठल्या शेटजीने पैसे घातले होते?

हिशेबनीस : तेव्हा गरज होती. पोलिओचा डोसही लहानपणीच देतात, साठीत नाही.

एक_कुकाची_मुलगी : माझे बाबा अशाच एका हॉटेलात तंदूरवर होते. हॉटेल विकलं, बाबांनी व्हीआरएस घेतली. आलेल्या पैशात खानावळ काढली, दीड वर्षात बंद. रात्री अकराला मंत्र्याचा माणूस आला की हेच 'बंद किचन' उघडायचं, आणि बाबाच उठायचे. तुमच्या विनोदात ते 'न उठणारे' आहेत म्हणून सांगितलं.

गरम_पाणी_सकाळी_६_ते_७ : ताई, तुमच्या वडिलांबद्दल नव्हतं ते.

एक_कुकाची_मुलगी : कुणाच्या तरी वडिलांबद्दलच होतं.

हिशेबनीस : मान्य, उदयपूरचा भाव कमी होता. खूपच कमी. पण विकायला हवं होतंच.

खारा_वारा : एवढं कबूल करायला तुम्हाला अख्खा धागा लागला! सही करा, टॉवेल घ्या.

मीनल_के : डिपॉझिट परत मिळालं होतं का पण?