आज्जीचं ऑपरेशन, गल्लीचं बीपी आणि नर्सिंगचं तिसरं सेमिस्टर, कसं जमवू?

येळ्ळूरची_लेक
मी बेळगावात बीएस्सी नर्सिंग करते, तिसरं सेमिस्टर. येळ्ळूरहून बसने जाऊन-येऊन. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुस्तकं सगळी इंग्रजीत आणि वॉर्डात निम्मे पेशंट कन्नड बोलणारे. ते मी निभावते. अडतं घरी आल्यावर.

आज्जी परड्यात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलावा लागला. तेव्हापासून तिची अंघोळ, गोळ्या, कूस बदलणं सगळं माझ्याकडे. "तू नर्स हाईस, तुला कळतंय, आम्हाला भ्या वाटतंय," असं आई म्हणते. त्यात सुगी. आई, बाबा, दादा दिवसभर भाताच्या कापणीत. रात्री पुस्तक उघडलं की कोणीतरी दारात उभं, "बाळ, जरा बीपी बघ की." परवा शेजारच्या काकू सलाईनची बाटलीच घेऊन आल्या, लावून दे म्हणून. नाही म्हटलं तर आता आईशी बोलत नाहीत.

फार्माकॉलॉजीची, म्हणजे औषधांच्या विषयाची, इंटरनल परीक्षा तोंडावर आली आहे, पेशंटच्या देखभालीचे केअर प्लॅन लिहायचे राहिलेत. जिवलग मैत्रिणीच्या हळदीला जाता आलं नाही. आज्जीचं करायचा मला कंटाळा नाही, उलट ती माझ्याच हातचं घेते याचं बरं वाटतं. पण झोप चार-पाच तासांवर आली आहे. तुम्ही कसं केलंत, सांगा की.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स आहे, आयसीयूत. आधी सलाईनचं बोलते. नाही म्हणालीस ते शंभर टक्के बरोबर. कोर्स पुरा करून स्टेट नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होईपर्यंत तू विद्यार्थिनी आहेस. आणि नोंदणी झाल्यावरही डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय सलाईन लावायचं नसतं. घरात कुणाला रिॲक्शन आली तर तुझ्याजवळ ना ॲड्रेनालिन, ना ऑक्सिजन. काकू रुसल्या तर रुसू देत, आईलाही हे असंच समजावून सांग.

बीपीसाठी गल्लीला आशाताईंकडे पाठव. तीस वर्षांवरच्यांचं बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. तरी बघावंच लागलं तर रविवार सकाळ ठरवून टाक आणि नीट बघ. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसलेलं माणूस, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. आपल्याकडच्या बायका मशेरी लावतात आणि तशाच उठून दंड पुढे करतात. त्यात निकोटिन असतं, आकडा चढलेला दिसणारच.

फार्माकॉलॉजी रात्री घोकू नकोस. त्या दिवशी वॉर्डात जी औषधं दिलेली बघितलीस तेवढीच परतीच्या बसमध्ये घे. फ्युरोसेमाइडवरच्या (लघवी वाढवणारं औषध) पेशंटची लघवी का मोजत होते, त्याचं पोटॅशियम का तपासायला पाठवलं, एवढं त्या पेशंटला आठवून स्वतःला समजावलंस तरी पेपरला उतरतं.

निपाणीची_सून
रविवार ठरवला तरी लोक सोमवारी येतात गं, माझा अनुभव तसाच आहे. मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला, पदरात लहान मुलगी. सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा घरातलं कोणी हात लावेना. सासूबाई विड्या वळतात, त्या म्हणायच्या मला जमायचं नाही. मी रोज एकेक गोष्ट त्यांच्याच हातून करून घेतली. पहिल्यांदा कूस बदलताना त्यांचे हात थरथरत होते. आता मी पोस्टिंगवरून, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीवरून, येईपर्यंत सगळं झालेलं असतं.

तुझ्या आईची भीतीही खरी आहे. तिला नेमकं काय करायचं ते दाखव. पायावर पाय टाकू द्यायचा नाही. उकिडवं किंवा पाटावर बसवायचं नाही, खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच हवी. कुशीवर वळवताना दोन पायांच्या मध्ये उशी. पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर तुझी वाट न बघता थेट दवाखाना. हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून कॉटच्या वरच्या भिंतीला चिकटव.

आणि सुगीसाठी पोस्टिंग बुडवू नकोस. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, पण डिग्री हातात पडायच्या आधी क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं काम, १०० टक्के भरावं लागतं. राहिलेले दिवस सुट्टीत भरत बसशील.

खानापूर_पॅसेंजर
माझी बहीण नर्स आहे म्हणून लिहितो. तुझ्या दादाचं नाव कुठल्याच कामात आलं नाही. माणसाला धरून उठवणं, खुर्चीत बसवणं ताकदीचं काम आहे, ते त्याने करावं. दिवसभर शिवारात राबल्यावर अंग मोडून येतं, मान्य. पण वॉर्डात आठ तास उभी राहिलेली मुलगीही दमूनच येते.

येळ्ळूरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला हे सगळं वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण आज सकाळी आज्जीला त्यानेच उठवून बसवलं. मी फक्त पाय कुठे ठेवायचा ते सांगत होते. आईला उशीचं दाखवलंय. आता एकच अडचण, आमचा संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. तिथे काय करू?

रात्रपाळी
कमोड खुर्ची घ्या, खाली भांडं असलेली. सर्जिकलच्या दुकानात विकत मिळते, काही जण भाड्यानेही देतात, आधी विचारून बघ. पायांना रबर आणि दोन्ही बाजूंना हात असलेलीच घ्या. पायांची उंची वाढवता येते का तेही बघा. भांडं रिकामं करायचं काम दादाकडे द्या.